बांधावरचा कोरा दगड

बाबल्याची छिन्नी एका दगडावर चालत होती आणि डोळे सारखे शेजारच्या कोऱ्या दगडाकडे वळत होते.

दाभोशाचा नवसू शिपाई वारून बारा दिवस झाले होते. आज त्याचा वीर, म्हणजे मेलेल्या माणसाचा कोरीव दगड, बसवायचा होता. घोड्यावर स्वार, वर चंद्रसूर्य. कोरून झालं की बाबल्याच नाव घेऊन तीनदा हाक मारणार. हाक चुकली तर मेलेला माणूस दगडात येत नाही, रानोमाळ भटकतो, अशी पाड्याची पक्की समजूत.

हा शिपाई माणूस मात्र लाखात एक. बसऱ्याच्या लढाईतून अर्धा चेहरा भाजून आला, तेव्हा मानमोडीच्या साथीनं पाडा ओस पडलेला. घरात एकटी बायको, ठकी. ती म्हणे दारात बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग पाय धुवायला पाणी दिलं.

पुढं बारा वर्षं त्यानं कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. बैलजोडी त्याची, पण नांगरायची सगळ्या पाड्याची शेतं. पलटणीचं कांबळं शेजारच्या माघ्याच्या बाळंतीण बायकोला दिलं. बोली जरा परकी वाटायची. पण पलटणीत जीभ बदलायचीच. ठकीला साप चावला, तेव्हा तिला पाठीवर घेऊन त्यानं तडक जव्हारचा दवाखाना गाठला. तिच्यासाठी जात्यावर नागली दळायचा. लोक फिदीफिदी हसायचे, तोही हसायचा.

ठकीनं मात्र त्याचं नाव कधी ओठावर आणलं नाही. नवऱ्याचं नाव कोण घेतं!

फक्त हा कोरा दगड कुणाला उलगडला नव्हता. आल्याच वर्षी त्यानं तो बांधावर रोवला. दरसाल नव्या नागलीची पहिली भाकर त्याच्यापुढं.

"वयनी, आता तरी सांग," बाबल्यानं जवळ बसलेल्या ठकीला विचारलंच. "कोनाचा हा?"

"ह्याच्या दोस्ताचा. लढाईत मेला, ह्याच्या मांडीवर."

"बिनहाकेचाच ऱ्हायला मंग बिचारा."

ठकीचे डोळे भरून आले. "म्हनून तं आज दोघांना बसवायचं. पयली हाक त्याला मार."

"काय नावानं?"

ठकीनं पदर सावरला.

"नवसू."

बाबल्याच्या हातून छिन्नी निसटली. "आन ह्याला?"

"ठकीचा नवरा म्हन. खरं नाव ह्यानं कधी सांगितलं नाय, मी कधी इचारलं नाय."