परवा

हॉस्पिटलच्या ॲपमध्ये तारखा शब्दांत दाखवायचा कोड त्यानंच लिहिला होता. आजपासून मोजायचं आणि काल, आज, उद्या असं छापायचं. दोन दिवस मागे असो की पुढे, शब्द एकच: परवा.

"मागचा की पुढचा, कसं कळणार?" टेस्टिंगवाल्या ताईंनी तेव्हाच अडवलं होतं.

"आपल्या भाषेत संदर्भानं कळतं हो. उगाच काथ्याकूट नको."

बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा निरोप त्याच ॲपवर आला आणि त्याच्या कामाच्या रगाड्यात तसाच पडून राहिला. आज त्यानं तो उघडला. 'बेड राखून ठेवला आहे. होकार कळवण्याची शेवटची तारीख: परवा.'

"परवा म्हणजे कधी रे?" बाबांनी धापा टाकत विचारलं.

"पुढचा परवा, बाबा. दोन दिवस आहेत अजून."

तरी त्यानं लगेच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची नर्स बराच वेळ कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत राहिली.



"तो बेड ना? परवाच दिला दुसऱ्यांना."