निवृत्तीचं लँडिंग

निवृत्तीच्या दिवशीचं लँडिंग आपल्या हातचं हवं, म्हणून कॅप्टन दिवेकरांनी ऑटोपायलट बंद केला. मागे प्रवाशांत त्यांची बायको आणि नात बसल्या होत्या. समोर धावपट्टी आली तरी विमानाचा वेग हवा त्याहून जास्तच होता. सांभाळून घेऊ, असं त्यांना वाटलं. आजवर घेतलंच होतं.

"गो अराउंड, सर," शेजारी बसलेली सहवैमानिक मुजावर म्हणाली.

दोघांपैकी कुणीही हे म्हटलं की वाद न घालता विमान पुन्हा वर न्यायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सरावाच्या सिम्युलेटरवर मात्र हे म्हणायला ती दर वेळी कचरायची. सरांना कसं सांगायचं? "अगं, मी चुकलो तर मला अडवायलाच तू बसली आहेस," ते चिडून म्हणायचे.

त्यांनी लगेच इंजिनांचा जोर वाढवला. धावपट्टीला न टेकता विमान वर चढलं.

दुसऱ्या फेरीत ते अलगद उतरले. विमानाच्या दाराशी बायकोने विचारलं, "पहिल्यांदा काय बिघडलं होतं हो?"

"माझं डोकं," ते म्हणाले. मग मुजावरला पुढे करत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही माझी शिष्या. हिने आज मला उतरू दिलं नाही."