पातं वर असताना

"वर! पातं वर गेलं की धाप्प होतं," सलूनवाला म्हणाला.

"खाली," इंजिनिअर म्हणाला. "खांबासमोरून जाताना. डोळे आहेत ना? मग बघा की."

अख्खं अंगण टेकडीकडे बघायला लागलं. नळाला अजून पाणी आलं नव्हतं, त्यामुळे वेळच वेळ होता. टेकडीवर पवनचक्की फिरत होती. पातं खांबासमोर आलं, धाप्प. पुढचं आलं, धाप्प. अगदी तालात.

"हरलात!" इंजिनिअर हसला. पवनचक्की त्याच्याच ताब्यात होती.

"असं लांबून नाही हो साहेब. उद्या रविवार. खांबाच्या बुडाशी उभं राहून ऐकायचं. लागली पैज?"

"लागली. लिहून घेऊ का? नंतर पलटाल."

"मला कुठं लिहिता येतंय? तोंडीच बरी."

हरणाऱ्याने काय करायचं, यावर गलका झाला. कोणी म्हणालं, चौकापर्यंत लंगडी. कोणी म्हणालं, अर्धी मिशी. सलूनवाल्याने झटकन मिशीवर हात ठेवला. दुकानाची जाहिरातच होती ती. तेवढ्यात तळमजल्यावरच्या वहिनींनी बादली खाली ठेवली. एरवी त्या कोणाच्या अध्यातमध्यात नसत.

"हरेल त्याने इथे स्टुलावर उभं राहून तीनदा ओरडायचं," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती."

"एवढंच? मंजूर!" इंजिनिअर म्हणाला.

वहिनींचा नवरा त्याच पवनचक्कीवर मेकॅनिक होता. गेल्या वर्षी सोसाट्याच्या वाऱ्यात एक पातं बुडातून तुटलं. तो खाली होता. अहवाल इंजिनिअरने लिहिला: मशीन वेळेवर थांबवलं नाही, चूक मेकॅनिकची. नवऱ्याच्या वहीत मात्र वेगळंच होतं. "झोत आला की वारा पात्याच्या पाठीला चिकटून राहतो, आणि पातं वर पोचलं की एकदम सुटतो. धाप्प. दर फेरीला बुडाला हिसका. पात्याचा कोन बदलावा." महिनाभर रोज हेच. त्याखाली इंजिनिअरचा शेरा: आवाज खांबासमोरचा, नेहमीचाच, दुर्लक्ष करावे.

ती वही घेऊन वहिनींनी वर्षभर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. मेलेल्या माणसाच्या नावावरची ती एक ओळ पुसा, दुसरं काही मागत नाही, म्हणायच्या. तुटलेल्या पात्याच्या जागी नवं बसलं. कोन तोच राहिला. आता खाली दुसरा मेकॅनिक होता.

रविवारी सकाळी दहाबारा जण टेकडी चढले. इंजिनिअर सगळ्यांच्या पुढे, शीळ घालत. वहिनी आल्या नाहीत.

वारा पडलेला. पाती आपली गुमान फिरत होती.

"आज मशीनने मौन धरलंय," कोणीतरी म्हणालं.

मग झोत आला. गवत आडवं झालं.

धाप्प.

सगळ्यांच्या माना वर होत्या. एक पातं आभाळात सरळ उभं होतं. खांबासमोर काहीच नव्हतं.

इंजिनिअर मोजू लागला. दहा वेळा. वीस वेळा. शीळ कधीच थांबली होती.

"घरापर्यंत आवाज पोचायला दोन सेकंद लागतात," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तोवर वरचं पातं निघून जातं. खांबासमोर दुसरंच आलेलं असतं. मी बाल्कनीत बसून शेरा मारला."

जिंकल्याची टाळी कोणी वाजवली नाही. इंजिनिअरने तिथूनच फोन करून मशीन बंद करायला लावलं. पाती हळूहळू थांबली, तेव्हा कुठे तो टेकडी उतरला.

अंगणात स्टूल तयार होतं. तो चढला.

पहिल्यांदा ओरडला तेव्हा पोरं खिदळली. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा गॅलऱ्यांमध्ये माणसं येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा तो ओरडला नाही. तळमजल्याच्या दाराकडे वळला.

"चूक माझी होती, वहिनी. त्यांची नव्हती."

वहिनी उंबऱ्यातून खाली आल्या. हातात वही होती, त्याच पानावर उघडलेली. शेऱ्याखाली चार बोटं जागा कोरी होती.

"बोललेलं वाऱ्यावर जातं, साहेब," त्या म्हणाल्या. "इथे लिहा."

इंजिनिअर स्टुलावरून उतरला. वही स्टुलावर ठेवून त्याने खिसे चाचपले. रविवारचे कपडे, पेन कुठलं असायला?

सलूनवाला पुढे झाला. जन्मात अक्षर न गिरवलेल्या त्या माणसाच्या वरच्या खिशात, कात्रीला लागून, कालपासून पेन होतं.