कोवळा लसूण

पावण्यांसाठी चटणी वाटायची म्हणून केशर परसातल्या लसणाच्या वाफ्यात वाकली, तर तिचा नवरा उमाजी मागून खेकसला.

"पात अजून हिरवीगार हाय, दिसत न्हाई तुला? खालची पानं वाळून मान कलली पायजे. आत्ता उपटलास तर आत पाकळी न्हाई, नुसता गोळा. जरा दम धर की."

लसणाचं त्याला फार कळायचं. केशरने चटणी बिनलसणाची वाटली.

दुपारी कुंभारवाड्याहून पावणे तिच्या लेकीला, फुलाला बघायला आले. पोर अंगणात सागरगोटे खेळत होती. तिला तशीच ओढून आणून पाटावर बसवलं. नवऱ्यामुलाच्या बापाने तिला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "पोरगी न्हाती झाली का?"

"न्हाई अजून," उमाजी म्हणाला. "व्हईल की, तुमच्या घरात गेल्यावर."

दोघंही खदखदून हसले. दाराआड उभ्या केशरने ते ऐकलं. पदर तोंडाला लावून ती परसात गेली आणि तिने अख्खा वाफा उपटून काढला.

पंगतीत उमाजीच्या ताटात चटणीच्या जागी लसणाचा एक सबंध गड्डा होता. त्याने तो चावून बघितला आणि तोंड वाकडं करून थुंकून टाकला.

"कोवळाच हाय गं ह्यो. पाकळी धरली न्हाई अजून."

"धरंल की," केशर पावण्यांच्या देखत म्हणाली, "तुमच्या पोटात गेल्यावर."