पुढची सायकल

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये सुबोध रोज संध्याकाळी व्यायामाच्या सायकलवर बसे आणि समोर टीव्हीवर इटलीतल्या डोंगरांमधला तोच सव्वीस किलोमीटरचा फेरा लावे, आवाज बंद करून. सुरेखाच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने टिपलेले द्राक्षमळे, खडकाळ पायवाटा आणि पुढच्या सायकलवर त्याचीच पाठ. त्याच फेऱ्यात हृदय बंद पडून सुरेखा गेली, त्याला आता पाच महिने होत आले होते.

"बाबा, हा काय मूकपट लावलाय रोज? आईचा आवाज मलाही ऐकू दे की," म्हणत वल्लरीने रिमोट उचलला.

"नको गं," तो म्हणेपर्यंत आवाज मोठा झालासुद्धा.

शेवटचा चढ चालू होता. धापा टाकत सुरेखा हाका मारत होती, "अहो, थांबा ना जरा... छातीत दुखतंय... अहो!"

पडद्यावरची पाठ काही वळली नाही. तशीच पुढे निघून गेली.

वल्लरी बापाकडे बघत राहिली. सुबोधचे पाय फिरतच होते.



"कानात कीर्तन लावलं होतं गं," तो म्हणाला. "उत्तररंग असा काही रंगला होता..."