पाहुण्याचं पाणी

रंगाच्या कारखान्याने आपलं गटार ओढ्यात सोडलं आणि वर्षभरात गावच्या विहिरीचं पाणी तांबडं झालं. अर्जावर अर्ज गेल्यावर एकदाचे आमदार त्र्यंबकराव पाहणीला आले आणि काळुरामच्या ओटीवर टेकले. काळुरामची बायको सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पाहुण्याला तांबडं पाणी द्यायचं तरी कसं? म्हणून सकाळीच ती दोन कोस चालून कल्याण स्टेशनच्या नळावरून कळशी भरून आली होती. घरात चांगलं पाणी तेवढंच. जुलाबांनी आडवी झालेली तिची लेक जयाही त्यावरच होती. त्र्यंबकरावांनी तांब्या रिकामा केला. "वा! आणि ह्या पाण्याबद्दल तक्रार?" ते कारकुनाकडे वळले. "लिहा. स्वतः पिऊन पाहिलं. विहिरीचं पाणी गोड आहे." सगुणा गडबडून म्हणाली, "सायेब, ह्या पानी इहिरीचा नाय, टेसनाच्या नलाचा हाय." "माहीत आहे, बाई," ते हसून म्हणाले. "सकाळी गाडीतून उतरलो तेव्हा नळावर तुम्हालाच पाहिलं." कारकुनाने कागद काळुरामपुढे धरला. दारी आलेल्या पाहुण्याला खोटं पाडायचं तरी कसं? काळुरामने मान खाली घालून अंगठा उठवला. निघताना त्र्यंबकरावांनी पाय पुढे केले. "चिखल लागलाय. जरा पाणी घाला." काळुरामने अख्खी कळशी त्यांच्या पायांवर ओतली. आतून जया म्हणाली, "आये, पानी." सगुणाने रिकामी कळशी उचलली आणि ती विहिरीकडे निघाली.