दोनशे चौदा नंबरची पेटी

“या टेपचं टोक शोधण्यातच माझा जन्म जाणार,” मावशी पुटपुटल्या. टेबलाच्या कडेला बसून त्या नखानं गुंडाळी खरवडत होत्या.

“चष्मा डोक्यावर आहे, मावशी. डोळ्यांवर घ्या,” धाकटी म्हणाली.

धाकटी बेचाळीस वर्षांची होती. पण त्या तळघरात पेट्या भरणाऱ्या तिघींत तीच लहान, म्हणून नाव पडलं ते पडलं. भरणं तिचं, टेप मावशींची आणि यादी मास्तरीणबाईंची. शाळेतून निवृत्त झाल्या तरी लाल पेन काही त्यांच्या हातातून सुटलं नव्हतं. चारला धाकटी घरी निघायची, पाचला पेट्या न्यायला गाडी यायची.

पेट्या समुद्रापलीकडे जायच्या. दूध परवडत नाही म्हणून बाळच अनाथालयात ठेवायची पाळी आलेली घरं तिथे होती. अशा घराला महिन्याला एक पेटी: दुधाची पावडर, लंगोट, साबण, दुपटी. प्रत्येक घराला एक नंबर. तीन महिने तीन पेट्या जाऊनही आईला झेपलं नाही आणि तिनं तसं लिहून दिलं, तर बाळाची फाइल याच इमारतीत वरच्या मजल्यावर यायची. तिथे दत्तक विभाग होता.

वरच्या यादीत पहिलं नाव धाकटीचं होतं. सहा वर्षं झाली होती. त्रेचाळीस पूर्ण झाली की यादीतून नाव काढून टाकायचे. वाढदिवसाला आता पाच महिने उरले होते. त्यावर तळघरात कुणी बोलत नसे.

“खाली बसून पेट्या भरतेस आणि वर स्वतःचाच नंबर मागे ढकलतेस,” मावशी एवढंच म्हणायच्या. “जगावेगळी आहेस बाई.”

“असू दे. कुणाच्या कुशीतून ओढून आणलेलं मला नको, मावशी. आईला सगळं देऊनही नाहीच जमलं, तर गोष्ट वेगळी.”

दोनशे चौदा नंबरची पेटी मात्र ती दुसऱ्या कुणाला भरू देत नसे. एकटी आई, चार महिन्यांची मुलगी. मोज्यांच्या मापासाठी प्रत्येक घर बाळाच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवून कागद पाठवायचं. हे पाऊल धाकटीच्या मधल्या बोटाहून जरासंच मोठं होतं. ती डब्यांवरची तारीख दोनदा वाचायची. डबे हलू नयेत म्हणून फटींत लंगोट खोचायची.

“आता त्या पेटीत हवासुद्धा शिरणार नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“नकोच शिरायला. ही पोर आईपाशी राहायलाच हवी.”

मास्तरीणबाईंनी मावशींकडे पाहिलं. मावशींना टेपचं टोक लगेच सापडलं.

तीन महिने तीन पेट्या भरल्या. तिन्ही वेळा यादीवर लाल खूण झाली.

वाढदिवसाला सतरा दिवस असताना वरून फोन आला. मुलगी आहे. आईनं लिहून दिलंय.

धाकटीनं एकच विचारलं, “तीन पेट्या पोचल्या होत्या ना?”

“गेल्याशिवाय फाइल होते का? तुमच्या खालूनच सही आलीय,” वरची बाई म्हणाली.

पुढे कोर्टाचे कागद झाले. एकदा शिक्का बसला की मूल परत जात नाही, हे वरच्या बाईनं दोनदा बजावलं. धाकटी हसली. परत कोण पाठवतंय?

मुलगी आली त्याच आठवड्यात ती तिला कडेवर घेऊन तळघरात उतरली. मावशी हसता हसता रडल्या. मुलीनं सगळ्यात आधी त्यांचा चष्मा ओढला.

“वरून फाइल मिळाली,” धाकटी म्हणाली. “आईचं पत्र आहे. खाली आपल्या भाषेतही लिहून दिलंय.”

“आत्ता नको वाचूस. पोर दमलीय,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

पण ती वाचायला लागली होती. “‘दर महिन्याला गोदामात जाऊन रांगेत उभी राहिले. तिन्ही वेळा माझ्या नंबरची पेटी आली नव्हती. शेजारीण आपल्या बाळाच्या डब्यातलं दूध देत होती. मग तिलाही पुरेना...’”

धाकटीनं कागदाचा कोपरा पाहिला. दोनशे चौदा.

“असं कसं होईल? मी स्वतः भरल्या. मावशी, टेप तुम्ही लावलीत. बाई, खूण तुम्ही केलीत. तिन्हीच्या तिन्ही हरवतील कशा?”

मास्तरीणबाई पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मुलगी जांभई देऊन धाकटीच्या खांद्यावर कलंडली.

“आजच पत्र लिहू. गोदामात चौकशी करायला सांगू. त्या बाईला निदान कळायला तरी हवं—”

“चौकशी नको गं,” मावशी म्हणाल्या. “पेट्या या तळघरातून हलल्याच नाहीत. आम्ही दोघींनी ठेवून घेतल्या. तुझ्यासाठी.”